त्या हॉलमधलं हसू

'स्वीनी टॉड' या अमेरिकन संगीत नाटकाचं जे जुनं रेकॉर्डिंग आहे ना, अँजेला लॅन्सबरी आणि जॉर्ज हर्नचं, त्यात प्रेक्षकांचं हसणंही रेकॉर्ड झालंय आणि मला मुख्यतः त्या हसण्याबद्दल लिहायचंय. बाकीचंही येईलच, या नाटकाबद्दल बोलायला लागलं की मला थांबता येत नाही, पण गेले कितीतरी दिवस डोक्यात घोळतंय ते हेच. स्टेजवर दोघं जण एका प्रेताचं काय करायचं ते ठरवतायत, मग कुठल्या धंद्यातला माणूस चवीला कसा लागेल याची यादी सुरू होते, वॉल्ट्झच्या, म्हणजे जोडीने करायच्या नाचाच्या तीन मात्रांच्या ठेक्यावर, आणि अख्खा हॉल हसतोय. मनापासून. आणि इतक्या वर्षांनी इथे घरी बसून मीही त्याच जागांवर हसतेय.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. शेवटही सांगणार आहे, त्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणताच येणार नाही, तेव्हा ज्यांना आधी बघायचं असेल त्यांनी बघून या.

एकोणिसाव्या शतकातलं लंडन. बेंजामिन बार्कर नावाचा न्हावी, त्याची देखणी बायको ल्युसी आणि तान्ही मुलगी. जज टर्पिनचा त्या बायकोवर डोळा, म्हणून न्हाव्यावर खोटा आळ घालून त्याला जन्मठेपेवर ऑस्ट्रेलियाला धाडतात. पंधरा वर्षांनी तो पळून परत येतो, नाव बदलून, स्वीनी टॉड म्हणून. फ्लीट स्ट्रीटवर त्याच्या जुन्या खोलीखाली मिसेस लव्हेटचं मीट-पायचं दुकान आहे, मैद्याच्या पारीत मटण भरून भट्टीत भाजतात ते. दुकान पार बसलेलं, मटण परवडत नाही, गिऱ्हाईक नाही. पण तिने याचे चांदीचे वस्तरे इतकी वर्षं जपून ठेवलेत, विकले नाहीत. तीच त्याला सांगते की जजने ल्युसीला फसवून घरी बोलावलं, तिच्यावर बलात्कार केला, तिने विष घेतलं आणि मुलगी जोहाना आता त्याच जजच्या घरात वाढतेय. पुढे कळतं की जजला आता त्या मुलीशीच लग्न करायचंय. टॉड वरच्या खोलीत पुन्हा दुकान मांडतो, जज एकदा खुर्चीत येऊन बसतोही, वस्तरा गळ्याशी पोचतो, आणि नेमका तेव्हाच जोहानाच्या प्रेमात पडलेला तरुण खलाशी धाडकन आत शिरतो. जज निसटतो. आणि टॉडचं डोकं तिथे फिरतं ते फिरतंच.

हा न्हावी मुळात १८४६-४७ च्या एका स्वस्त मासल्याच्या क्रमशः कथेतला. तिथे तो फक्त लोभी होता, गिऱ्हाइकांना मारून त्यांचा ऐवज लुटायचा, बस्स. क्रिस्टोफर बाँड नावाच्या ब्रिटिश नाटककाराने १९७३ साली त्यावर नाटक लिहिताना त्याच्या पाठीमागे हा सगळा अन्याय उभा केला, आणि ते नाटक स्टीफन सॉण्डहाइमने लंडनमधे बघितलं. मग संगीत आणि गाणी सॉण्डहाइमची, संहिता ह्यू व्हीलरची, दिग्दर्शन हॅरोल्ड प्रिन्सचं, असं ते म्युझिकल १ मार्च १९७९ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर उरिस थिएटरमधे आलं. ५५७ प्रयोग झाले, ८ टोनी, म्हणजे ब्रॉडवेचे मानाचे पुरस्कार, मिळाले.

सॉण्डहाइमला खरं तर एक छोटंसं, अंगावर येणारं भयनाट्य हवं होतं. पंधराव्या वर्षी त्याने बर्नार्ड हरमनचं संगीत असलेला एक थरारपट बघितला होता, ते संगीत त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही, आणि इथेही तुम्ही नीट ऐकलंत तर सिनेमाच्या पार्श्वसंगीतासारखं ते सतत खाली वाहत असतं, संवाद चालू असतानाही, म्हणजे बिचारे प्रेक्षक निर्धास्त असे होतच नाहीत. मृतांसाठी म्हणायची जुनी लॅटिन प्रार्थना 'दिएस इरे', तिचे सूरही त्याने जागोजागी पेरलेत. प्रिन्सला मात्र नुसत्या सूडकथेत रस वाटेना. त्याने ती उचलून कारखान्यात नेली. युजीन ली या नेपथ्यकाराने ऱ्होड आयलंडमधल्या एका बंद पडलेल्या लोखंडाच्या फाउंड्रीचे भाग आणून त्यातून स्टेज उभारलं. आणि सुरुवातीच्या पडद्यावर जॉर्ज क्रुकशँक या जुन्या इंग्रज व्यंगचित्रकाराचं चित्र, इंग्रज समाज म्हणजे मधमाश्यांचं पोळं, सगळ्यात वर राणी आणि कप्प्याकप्प्यांनी खाली उतरत बूटपॉलिशवाल्या आणि कचरा उचलणाऱ्यांपर्यंत सगळे आपापल्या जागी. हे चित्र लक्षात ठेवा, त्या हसवणाऱ्या गाण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

रेकॉर्डिंग ब्रॉडवेचं नाही. तिथलं बंद झाल्यावर नाटक अमेरिकाभर टूरवर निघालं, लॅन्सबरी मूळचीच, टॉड मात्र लेन कॅरिऊच्या जागी जॉर्ज हर्न, आणि टूर लॉस एंजेलिसला पोचली तेव्हा कॅमेरे लावून ते चित्रित केलं. कॅमेऱ्याचं दिग्दर्शन टेरी ह्यूजचं, जो पुढे अमेरिकन टीव्हीवरच्या विनोदी मालिकांसाठी नावाजला गेला, आणि मला वाटतं विनोदाचं टायमिंग कळणारा माणूस तिथे होता हे फार बरं झालं. १२ सप्टेंबर १९८२ ला ते तिकडच्या एका केबल चॅनेलवर लागलं. हर्नला त्यासाठी १९८५ मधे एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं.

मी हे आधी एकटीने बघितलं होतं, हेडफोन लावून. परत बघितलं ते मावशी राहायला आली होती तेव्हा. मावशी लहानपणापासून परळची, आता पंचाहत्तरीच्या पुढे, आणि तरुणपणी नाटकं इतकी बघितलेली की नटाने एक्झिट चुकीच्या विंगेतून घेतली तर तिला अजून खटकतं. सबटायटल्स वाचायचा तिला कंटाळा येतो, म्हणून मी अधूनमधून सांगत होते. सुरुवातीला ऑर्गन वाजतो, कबर खणणारे दिसतात, आणि मग एकदम तो भोंगा. कानाचे पडदे फाडणारा. मावशी दचकून सरळ बसली आणि म्हणाली, "अगं, हा तर गिरणीचा भोंगा!"

मी पॉज केलं. मग तिने भोंग्याबद्दलच सांगितलं बराच वेळ, की भोंगा झाला की घरातले पुरुष अर्ध्या जेवणावरून कसे उठायचे, की लहान असताना तिला वाटायचं हा आवाज आपल्या वडिलांवर ओरडतोय. प्रिन्सला जे म्हणायचं होतं, की हे यंत्र माणसं खाऊनच चालतं, ते मावशीला एका आवाजात पोचलं होतं, कोणी समजावून न सांगता. नाटकात हा भोंगा खुनांच्या जागी वाजतो. १९८२ मधे हे अमेरिकेतल्या टीव्हीवर लागलं तेव्हा मावशीच्या आसपासचे भोंगे जानेवारीपासून गिरणी संपामुळे गप्प झालेले होते, आणि त्यातले बरेच परत वाजलेच नाहीत. हे मी तिला सांगितलं तर ती काही बोलली नाही, म्हणाली लाव पुढचं.

आता त्या जागेकडे येते.

जज निसटल्यावर टॉडचं जे गाणं आहे ते बघताना मला दर वेळी पोटात गोळा येतो. हर्न आधी ओरडतो, मग मधेच ल्युसीच्या आठवणीने त्याचा आवाज मऊ होतो, जवळजवळ अंगाईसारखा, आणि परत उसळतो. त्याचा हिशोब बदलतो. आधी एक जज आणि त्याचा एक हस्तक मारायचा होता. आता सगळेच. जे वरचे आहेत ते दुष्ट म्हणून आणि जे खालचे आहेत ते सुटतील तरी म्हणून. वस्तरा घेऊन तो स्टेजच्या टोकाला येतो आणि समोरच्या लोकांना बोलावतो, या, बसा, दाढी करून देतो. हॉलमधे बसलेल्यांना. त्या क्षणी तिथे कोणी हसत नाही.

आणि त्यानंतर लगेच, म्हणजे अक्षरशः काही मिनिटांत, तेच लोक हसायला लागतात.

मधे काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. वरच्या खोलीत पेटाऱ्यात एक प्रेत आहे, पिरेलीचं, टॉडला ओळखून ब्लॅकमेल करायला आलेल्या दुसऱ्या न्हाव्याचं. टॉड अजून त्या वेडाच्या झटक्यातच आहे, शून्यात बघतोय. मिसेस लव्हेटला व्यवहाराची काळजी, प्रेत पुरायचं कुठे. आणि मग लॅन्सबरीच्या चेहऱ्यावर काहीतरी येतं. कॅमेरा अगदी जवळ आहे म्हणून ते दिसतं, बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेतून हे कधीच दिसलं नसतं. डोळे जरा मोठे होतात. ती म्हणते की वाया जातंय हो, मटण केवढं महाग झालंय, एवढं चांगलं धष्टपुष्ट... आणि थांबते. वाक्य पूर्ण करत नाही. त्याच्याकडे बघते, कळलं का म्हणून. त्याला कळत नाही. ती परत थोडं पुढे ढकलते. तरी नाही.

आणि हॉल हसतो.

टॉडच्या आधी लोकांना कळलंय. स्टेजवर कोणीही अजून ते बोललेलं नाही, की माणसाचं मांस पायमधे भरायचं आणि विकायचं, हे वाक्य कोणाच्याच तोंडून आलेलं नाही, ते फक्त समोर बसलेल्यांच्या डोक्यात पूर्ण झालंय, शेकडो डोक्यांत एकाच वेळी. गुन्ह्याची कल्पना आधी प्रेक्षकांना सुचते आणि मग खुन्याला. ते हसणं म्हणजे मला सुचलं, मला कळलं, अशी कबुली आहे, आणि ती टेपवर राहिलीये.

पहिल्यांदा एकटीने बघताना मला हे कळलं नव्हतं, कारण मी स्वतः हसत होते. कळलं ते मावशीमुळे. तिने इंग्रजीतलं ते अर्धवट वाक्य पकडलं नव्हतं, आणि हशा ऐकून तिने विचारलं, "कशाला हसतायत गं ही माणसं?" मी परत पॉज केलं आणि सांगितलं, मावशी, त्या बाईच्या मनात आलंय की पुरण्यापेक्षा त्या मेलेल्या माणसाला कापून त्याचं मटण दुकानात वापरावं. हे असं सरळ बोलून दाखवल्यावर त्यात हसण्यासारखं काहीही नव्हतं. खोलीत एकदम विचित्र वाटलं. मावशी "अगं बाई" म्हणाली आणि गप्प बसली. मग मी प्ले केलं, गाणं सुरू झालं, त्यांची यादी सुरू झाली, पाद्री घ्या, वकील घ्या, कवी घ्या, आणि थोड्या वेळाने बघते तर मावशी हसत होती. शब्द सगळे कळत नव्हते तरी. लॅन्सबरी काल्पनिक पाय हातात धरून इतक्या आनंदाने दाखवते, टॉड पहिल्यांदाच खुलतो, दोघं नाचतात, आणि हॉलमधले लोक हसतायत, त्या सगळ्याने ओढून घेतलं तिला.

म्हणून मला वाटतं की या नाटकाचं चित्रीकरण बघायचं असेल तर प्रेक्षकांसकट असलेलंच बघावं. २००७ चा सिनेमा मी थिएटरमधे बघितला होता, त्यात रक्त भरपूर आहे, अंधार सुंदर आहे, पण त्यात कोरस, म्हणजे मिळून गोष्ट गाऊन सांगणारी मंडळी, गाळलाय, सुरुवातीचं त्यांचं गोष्ट सांगणारं गाणं नुसतं वाद्यांवर वाजतं, आणि अर्थात त्यात कोणी समोर बसलेलंच नाही. मला त्या सिनेमात भीती वाटली, वाईट वाटलं, पण आपण यात आहोत असं एकदाही वाटलं नाही. दोन आजारी माणसांची गोष्ट आपण काचेतून बघितली आणि घरी आलो. रेकॉर्डिंगमधे तसं होत नाही. तिथे गुन्हेगार दोन नाहीत.

आणि ते गाणं नुसतं काळ्या विनोदाचं नाही. पडद्यावरच्या त्या पोळ्याचं चित्र आठवा, राणी वर, बाकीचे कप्प्याकप्प्यांत. या गाण्यात दोघं एकेक कप्पा उघडतात आणि त्यातल्या माणसाची चव सांगतात. टॉड म्हणतो की जगात असंच चालतं, कोण खातो आणि कोण खाल्ला जातो एवढाच काय तो प्रश्न, आजपर्यंत वरचे खालच्यांना खात आले, आता जरा उलट होऊ दे. ऐकताना हे न्यायाचं वाटायला लागतं, हीच खरी भीतीची गोष्ट आहे. कारण दुसऱ्या अंकात त्याच्या खुर्चीत येऊन बसतात ते कोणी लॉर्ड आणि बिशप नसतात. साधी माणसं असतात, खाली दुकानात बसून खाणाऱ्यांसारखीच. गाण्यात सगळे कप्पे उलटे होतात, प्रत्यक्षात खालचेच खालच्यांना खातात.

लॅन्सबरीबद्दल थोडं. ही बाई स्वतः लंडनची, तिचे आजोबा जॉर्ज लॅन्सबरी ईस्ट एंडच्या गरीब वस्तीतून निवडून गेलेले खासदार आणि पुढे लेबर पक्षाचे नेते. तिची लव्हेट मला कधीच नुसती खलनायिका वाटली नाही. डोक्यावर केसांचे ते दोन बुचडे, मळकट ॲप्रन, आणि पहिल्याच गाण्यात कणीक बडवतेय, लाटतेय, मधेच किडे चिरडतेय, सगळं तालात, एकही मात्रा न चुकवता आणि एकही शब्द न गिळता, आणि त्या सगळ्या धांदलीच्या खाली भूक आहे. पुढे ती समुद्रकिनारी घर घ्यायची स्वप्नं बघते तेव्हा टॉड तिच्याकडे बघतही नसतो. ती एकटीच संसार करतेय. पन्नाशी ओलांडलेली ही नटी त्या गाण्यात सोळा वर्षांची होते, आणि तिथे हसताना मला तिच्यावर माया येते. माया येते, हे लिहितानाही जरा थांबायला होतं.

आता घाशीराम. विषयांतर वाटेल पण नाही.

कोरस पुढे येऊन गोष्ट सांगायला लागला तशी मावशी म्हणाली, "हे आपल्या घाशीरामसारखंच की." तिने तो थिएटर ॲकॅडमीचा प्रयोग मुंबईत बघितला होता, मोहन आगाश्यांचा नाना अजून तिच्या डोळ्यासमोर आहे. मला एरवी अशा तुलना नको वाटतात, पण ही खरंच धरून बसली. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला, म्हणजे हे ब्रॉडवेवर यायच्या सहाएक वर्षं आधीच आपल्याकडे तेंडुलकर, जब्बार पटेल आणि भास्कर चंदावरकर एका सूडकथेला नाचवत गाववत होते. कनौजचा ब्राह्मण पुण्यात येतो, चोरीचा खोटा आळ येतो, मार खातो, तुरुंगात जातो. आणि त्याचा राग कोणा एकावर राहत नाही, तो सगळ्या शहरावर जातो. अगदी टॉडसारखा. पोरीला नानाच्या हवाली करून तो कोतवाली मिळवतो आणि मग शहराला पिळून काढतो.

आणि तिथेही लोक हसतात. ती माणसांची भिंत, भजन म्हणता म्हणता बावन्नखणीकडे, पेशवाईतल्या पुण्याच्या कलावंतिणींच्या वस्तीकडे, सरकणारी, तिच्यावर हसू येतंच. मावशी सांगत होती, की सुरुवातीला ती इतकी हसली की शेजारच्या बाईने वळून बघितलं, आणि मग ललितागौरीचं, म्हणजे घाशीरामच्या त्या पोरीचं, काय झालं ते कळल्यावर तिला आपल्या त्या हसण्याचीच शरम वाटली, कारण भिंतीने तिच्यासमोरच सगळं झाकलं होतं आणि तिने टाळ्या दिल्या होत्या. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की टर्पिन शेवटी मरतो. नाना मरत नाही. घाशीराम दगडांखाली जातो आणि नाना उत्सव जाहीर करतो. मला प्रामाणिकपणे वाटतं की तेंडुलकरांचं जास्त खरं आहे. जज खुर्चीत सापडतो हे नाटकातच घडतं.

तरी दुसऱ्या अंकातलं ते एक दृश्य सॉण्डहाइमकडेच आहे आणि त्याच्या तोडीचं मी काही बघितलेलं नाही. टॉड खुर्चीमागे उभा राहून आपल्या मुलीसाठी गातोय, जोहाना जोहाना, इतकं हळवं, इतकं गोड गाणं, आता तिचा चेहराही आठवेनासा होतोय असं काहीतरी म्हणतोय, आणि गाता गाता एकेका गिऱ्हाइकाचा गळा चिरतोय. बघतही नाही त्यांच्याकडे. खुर्ची कलते, माणूस खाली घसरतो, पुढचा येतो. शहरात दुसरीकडे तो खलाशी तिलाच हाका मारत फिरतोय. एक गिऱ्हाईक बायको-मुलीला घेऊन येतो, तर त्याची नुसती दाढी करून टॉड त्याला सोडतो. इथे कॅमेऱ्याचा मला राग येतो, कारण तो कधी खुर्ची दाखवतो कधी खलाशी, आणि मला सगळं एकत्र बघायचं असतं, हॉलमधे बसलेल्या माणसाला जसं दिसलं असेल तसं. पण हर्नचा चेहरा जवळून दिसतो ही मोठी गोष्ट आहे. त्यावर राग नाही. काहीच नाही. फक्त मुलीची आठवण. आणि आपण त्या चालीत इतके गुंगतो की मधे किती जण गेले ते मोजायचं राहून जातं.

इथून हसायच्या जागा कमी कमी होत जातात. टोबी नावाचा पोरगा, पिरेलीकडे होता, आता लव्हेटच्या दुकानात, तिला आई मानतो. तो तिला गाऊन सांगतो की मी असेपर्यंत तुला कोणी धक्का लावणार नाही, आणि ते ऐकता ऐकता तिला कळतं की याला टॉडचा संशय आलाय. लॅन्सबरी तिथे त्याला कुशीत घेते आणि तिच्या डोळ्यांत पाणी आहे आणि त्याच क्षणी तिने ठरवलंय की याला कोंडायचं. दोन्ही खरं. मावशीने इथे माझा हात धरला होता.

शेवटी सगळं एकदम कोसळतं. रस्त्यावरची एक वेडी भिकारीण पूर्ण नाटकभर मधे मधे येत असते, लोक तिला हाकलत असतात, ती वर खोलीत येते, जज जिना चढतोय म्हणून टॉड घाईघाईत तिचा गळा चिरतो, चेहराही न बघता. मग जज. आणि नंतर भट्टीच्या उजेडात त्याला दिसतं की ती ल्युसी होती. लव्हेटला माहीत होतं. तो तिच्याशी वॉल्ट्झ करत करत, त्या जुन्या हसवणाऱ्या गाण्याच्याच चालीवर, तिला भट्टीत ढकलतो. टोबी, ज्याचे केस पांढरे झालेत, टॉडचाच वस्तरा उचलतो. आणि मग कोरस पुढे येतो, मेलेलेही त्यात येतात, आणि ते बोटं दाखवतात, तिकडे बघा, तो तुमच्या शेजारी बसलाय. टॉड शेवटी लोखंडी दार प्रेक्षकांच्या तोंडावर आपटतो.

ती वॉल्ट्झची चाल परत येते ना, तेव्हा मला अंगावर काटा येतो, कारण त्या चालीवर आपण हसलेलो असतो.

नंतर आमचा वाद झाला, चहा होऊन गेला तरी चालूच. मावशीचं म्हणणं, ती बाई सगळ्यात वाईट, जजपेक्षाही, कारण बायको जिवंत आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी म्हटलं, मावशी, जजने हे सगळं सुरू केलं, त्याच्याकडे सत्ता होती, ती बिचारी उपाशी आणि त्याच्या प्रेमात. ती म्हणाली, मग खोटं का बोलली? मी म्हटलं, बोलली का? आणि आम्ही परत मागे जाऊन तो सुरुवातीचा सीन लावला. लव्हेट म्हणते की ल्युसीने विष घेतलं. बस. मेली असं म्हणतच नाही. वाक्य तिथे सोडते आणि टॉडकडे बघते, आणि टॉड ते पूर्ण करून घेतो, आणि आम्हीही केलंच होतं, दोन्ही वेळा. हीच तिची पद्धत आहे. प्रेताच्या सीनमधेही ती हेच करते, अर्धं बोलते आणि बाकीचं समोरच्याच्या डोक्यात घडू देते.

मावशी म्हणाली हे खोटं बोलण्यापेक्षा वाईट. मी म्हणते की त्या क्षणी ती फक्त घाबरली, की खरं सांगितलं तर हा माणूस दारातून निघून जाईल आणि परत एकटीनेच कणीक बडवत बसावं लागेल, आणि लॅन्सबरीने तो अर्धा सेकंद तसाच केलाय, बघा तुम्ही, विष म्हटल्यावर तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर नसतातच, दरवाज्याकडे जातात. मावशीला तसं दिसत नाही. ती म्हणते ती हिशोब करतेय.